दुसऱ्या अंतऱ्यातला चढ

रागीट माणसाकडे गिऱ्हाईक टिकत नाही, असं मला धंदा सुरू करताना सगळ्यांनी सांगितलं होतं. माझ्याकडे चाळीसेक वर्षं टिकलं. माझा स्वभाव सुधारला म्हणून नव्हे. कोथरूडमध्ये माझ्याइतका स्वस्त रेकॉर्डिंग स्टुडिओ दुसरा नव्हता, आणि स्वस्त असूनही आपण फार भारी ठिकाणी आलोय असं गिऱ्हाइकाला वाटेल अशा तऱ्हेनं भाव करणारा मालकही दुसरा नव्हता.

मी वारज्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, आडनाव शितोळे. लग्नात भोंगे भाड्यानं देण्यापासून सुरुवात केली. मग भोंगे दुरुस्त करायला शिकलो, मग टेपरेकॉर्डर, आणि शेवटी गाणी ध्वनिमुद्रित करू लागलो. संगीत शिकलेलो नाही. पण एखादी गोष्ट सुरात आहे की नाही हे मला कळतं. शिंप्याला नाही का, माप न घेता कळतं की हा सदरा या माणसाला बसणार नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात ‘मला तेव्हा कळलं नव्हतं’ असं म्हणायची सोय मला नाही.

अलीकडची दहा-बारा वर्षं माझं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे रॉक बँड, आणि त्यांचं मुख्य काम म्हणजे कव्हर. कव्हर म्हणजे लोकांना पाठ असलेलं दुसऱ्याचं गाणं आपल्या पद्धतीनं म्हणणं. आमच्या वेळी हे काम ऑर्केस्ट्रातले लोक करत, आणि मूळ गाण्यासारखं जमलं नाही तर तो गायक खाली मान घालून चहा पीत असे. आता मूळ गाण्यासारखं जमलं नाही की त्याला ‘आमचा टेक’ म्हणतात, आणि मान वरच असते.

कामाची रीत अशी. चौघं एकत्र वाजवतात असा तुमचा समज असेल तर तो फोटोपुरता खरा आहे. प्रत्यक्षात एकेकट्याला काचेपलीकडे बसवतात आणि कानात घड्याळासारखी टकटक लावून देतात. त्या टकटकीवर आधी ड्रमवाला बडवून जातो. मग बेस नावाची गिटार येते. ती वाजत असताना कुणाला कळत नाही, पण थांबली की सगळ्यांना कळतं. मग खरी गिटार, आणि शेवटी गाणारा. गाणाऱ्याचा आवाज संगणकाच्या पडद्यावर अळीसारखा दिसतो. जिथे अळी रेषेच्या खाली घसरली असेल तिथे मी तिला उंदराच्या टोकानं वर ढकलतो. एका गाण्यात मी साधारण दोनशे अळ्या ढकलतो. त्यानंतर तो गायक ऐकतो आणि म्हणतो, आज आवाज लागला होता.

गिऱ्हाइकं एकेक नमुन्याची. एका बँडला गाण्याच्या सुरुवातीला जुन्या तबकडीची खरखर हवी होती, ‘व्हिंटेज’ वाटायला. मी उमेदीची वर्षं खरखर काढण्यात घालवली होती, त्यामुळे ती घालण्याचा दर वेगळा सांगितला. घरी आलो तर बायको साबुदाण्याच्या पापड्या तळत होती. मोबाइल कढईजवळ धरला आणि दुसऱ्या दिवशी ते गाण्याच्या आधी जोडलं. मुलांनी डोळे मिटून ऐकलं. एकजण हळूच म्हणाला, ‘यात एक अख्खा काळ आहे.’ त्यात शेंगदाण्याचं तेल होतं, पण मी बोललो नाही.

दुसऱ्या एका बँडनं आरतीचं कव्हर केलं. गाणारा मुलगा घशातून असा आवाज काढी की पहिल्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर माझ्या तळघरातल्या स्टुडिओत उतरले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘कुणाला काही झालंय का? गाडी खालीच आहे माझी.’ तिसऱ्या एकानं मला पैशांऐवजी एक्सपोजर, म्हणजे नुसती प्रसिद्धी, देऊ केलं. मी त्याला म्हणालो, महिन्याच्या एक तारखेला तुमची कंपनी तुम्हाला काय देते ते आधी बघून या, मग बोलू. त्यानं निम्मा दर देऊ केला. मी ओरडलो. तो पाऊणवर आला. मी आणखी ओरडलो. त्याला वाटलं मी चिडलोय. मी चिडलोच होतो, पण आकडा काय येतोय याकडे लक्ष होतं.

एक तक्रार मात्र आहे आणि ती मी लपवणार नाही. एवढ्या बँडची गाणी माझ्याकडे झाली, पण कुठल्याही गाण्याखाली माझं नाव नाही. ड्रमवाल्याच्या मांजराचं नाव असतं. सामोसे ज्यानं आणले त्याचं असतं. एका बँडनं तर लिहिलं होतं, ‘आमच्या बेडरूममध्ये ध्वनिमुद्रित’. त्यांना बेडरूम जास्त प्रामाणिक वाटली.

तर, मुद्द्याकडे येतो.

गेल्या वर्षी हिंजवडीतल्या चौघांचा एक बँड आला. नाव ‘चिघळ’. हे काय नाव, असं विचारल्यावर अद्वैत नावाचा त्यांचा म्होरक्या म्हणाला की ते समाजाच्या जखमेबद्दल आहे. चौघांचे पगार कळल्यावर, जखम असलीच तर ती समाजालाच असणार, हे मला पटलं. अद्वैत गिटार वाजवायचा आणि बोलायचा, पण दुसरं जास्त. ईरा नावाची मुलगी गायची. बेसवाल्याचं नाव मी शेवटपर्यंत विचारलं नाही. ड्रमवर कबीर, हा फारसा बोलायचा नाही. मी त्याला मठ्ठ समजलो होतो.

त्यांना ‘उंबऱ्याशी थांबलं ऊन’ करायचं होतं. कॅसेटच्या काळातलं गाणं. कोजागिरीला, हळदीकुंकवाला, सोसायटीच्या गणपतीत कुणी ना कुणी अजून म्हणतं. माझ्याकडेच त्याचं हे सातवं कव्हर. मूळ गाणंही माझ्याच हातून ध्वनिमुद्रित झालेलं आहे, हे मात्र मी आधीच्या सहांपैकी एकालाही सांगितलं नव्हतं. फुकट श्रेय सोडणारा मी माणूस नव्हे. तेव्हा कारण असणारच, ते सांगतो.

त्या गाण्यात दुसरा अंतरा आहे. पेटी आणि व्हायोलिन थांबतात, आणि नुसता आवाज आणि तबला उरतो. त्या मोकळ्या जागेत गाणाऱ्या बाईंचा सूर हळूहळू वर सरकतो, जवळजवळ अर्धा स्वर. लयही बोटभर वाढते. अंतरा संपताना आवाज परत खाली उतरतो, आणि पेटी सुरू होते तेव्हा सगळं जागच्या जागी. सामान्य ऐकणाऱ्याला तिथे काहीतरी होतं. काय होतं ते सांगता येत नाही, पण अंगावर काटा येतो. आजकाल जो बँड हे गाणं करतो तो या चढासाठीच करतो. इंटरनेटवर एका प्राध्यापकांचं त्यावर अर्ध्या तासाचं भाषण आहे. त्यात ते सांगतात की संगीतकारानं इथे मराठी गाण्याला उंबऱ्याबाहेर काढलं. अद्वैतनं ते भाषण लिहून काढलं होतं आणि गिटारवाल्या भाषेत त्याचा आराखडा केला होता. चढाच्या जागी ड्रम दुप्पट होणार, मग शांतता, मग धूर. धूर व्हिडिओत.

आता तो चढ कुणी काढला ते सांगतो. तो बाबूशेठच्या पिठाच्या गिरणीनं काढला.

माझा पहिला स्टुडिओ त्या गिरणीच्या मागच्या खोलीत होता. भाडं मी एवढं खाली आणलं होतं की बाबूशेठ ते घेताना नोटा न मोजता माझ्याकडे बघत असे. गिरणीचा आवाज येऊ नये म्हणून मी भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. शिवाय करार असा की माझ्या दारावरचा लाल दिवा लागला की बाबूशेठनं गिरणी बंद ठेवायची. गाद्यांनी आवाज अडवला. पण वीज दोघांची एकाच खांबावरून येत होती. गिरणी सुरू झाली की दिवे मिणमिणत आणि माझ्या टेपच्या मशीनची मोटर मंद पडे. त्यावर उपाय म्हणून एक जड खोका बाजारात मिळत असे. तो घ्यायला मी तीनदा गेलो आणि भाव पटला नाही म्हणून तीनदा परत आलो.

मशीन मंद पडल्यावर काय होतं ते नीट समजून घ्या, सगळी गोष्ट त्यावर आहे. ध्वनिमुद्रण करताना फीत हळू सरकली आणि नंतर ती नेहमीच्या वेगानं वाजवली, तर जे हळू भरलं गेलं ते भरभर बाहेर येतं. आवाज बारीक होतो. सूर चढतो. गाणारा जागचा हललेला नसतो.

‘उंबऱ्याशी थांबलं ऊन’ गाणाऱ्या कुंदाताई तेव्हा तिशीच्या होत्या. शाळेत गणित शिकवायच्या. पहिलीच कॅसेट होती. दुपारी दोनची वेळ. त्या दिवशी सकाळी माझं आणि बाबूशेठचं वाजलं होतं. त्याच्या पिठाची धूळ माझ्या मशीनमध्ये जाते, असं मी त्याला दळणाला आलेल्या पाच-सहा बायकांसमोर ऐकवलं, आणि तेवढ्यावर न थांबता त्याच्या दळणाचीही लाज काढली. त्याच्या पिठात खडे असतात असं म्हणालो. ते खरं नव्हतं. दुपारी मी लाल दिवा लावला, गाणं सुरू झालं, पहिला अंतरा झाला, पेटी थांबली, आणि दिवे मिणमिणले. बाबूशेठनं गिरणीचा पट्टा चढवला होता. त्याचाही राग माझ्यासारखाच, भडकून विझणारा. मिनिटभरानं त्यानंच पट्टा उतरवला. तेवढ्यात दुसरा अंतरा झाला होता.

मी हे सगळं बघत होतो. दिवा बघितला, मोटर ऐकली. कळायचं ते सगळं कळलं.

नंतर आम्ही फीत ऐकली. कुंदाताईंचा चेहरा उतरला. संगीतकार म्हणाले, ‘ताई, पेटी नाही म्हटल्यावर चढलात तुम्ही.’ त्या म्हणाल्या, ‘हो, चढले.’ मी फितीकडे बघत बसलो. मशीन मंद झालं म्हणालो असतो तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं की शितोळेचं मशीन भंगार आहे. संगीतकारांना बस गाठायची होती. बारा गाण्यांची कॅसेट, त्यात सातवं गाणं, कोण ऐकतंय, म्हणून तसंच ठेवलं.

सगळ्यांनी तेच ऐकलं.

पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. गाणं गाजलं तसे कुंदाताईंना कार्यक्रम यायला लागले. पुण्यात गाणाऱ्याला कानकोंडं करणारे रसिक पहिल्या रांगेतच बसतात. दुसरा अंतरा आला की ते एकमेकांकडे बघून भुवया वर करत. म्हणून ताईंनी अंतरा सरळ, जागच्या सुरात म्हणायला सुरुवात केली. तर मागच्या रांगेतले म्हणू लागले, कॅसेटसारखं नाही जमत यांना. चढवून म्हटलं तर बेसूर, सरळ म्हटलं तर बनावट. एका पेटीवाल्यानं भर कार्यक्रमात, त्या अंतऱ्याला, पेटीचा भाता मिटून हात जोडले. लोक हसले. दोन-तीन वर्षांत त्यांनी गाणं सोडलं आणि शाळेत गणित शिकवत निवृत्त झाल्या.

त्या कोथरूडमध्येच राहतात. मला ते माहीत होतं. भाजी घेताना त्या दिसल्या की मी पिशवी घेऊन तसाच परत फिरायचो. माझी बायको विचारायची, आज दुधी का नाही. मी बाजार महाग झालाय म्हणून सांगायचो. माझ्या तोंडी ते खपून जायचं.

तर ‘चिघळ’चं ध्वनिमुद्रण निम्मं झालेलं असताना अद्वैतनं मला आनंदाची बातमी दिली. त्यानं मूळ गायिका शोधून काढली होती. सध्याची पद्धत अशी की कव्हर झालं की मूळ कलाकाराला कानात हेडफोन घालून बसवायचं, त्याला आपलं कव्हर ऐकवायचं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी कधी येतं ते कॅमेऱ्यात टिपायचं. पाणी आलं तर लाखभर लोक बघतात. मी म्हणालो, माझ्याकडे जागा नाही. तो म्हणाला, कोपऱ्यात बसवू. मी म्हणालो, त्या दिवसाचा दुप्पट दर लागेल. तो म्हणाला, चालेल. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकानं घासाघीस केली नाही याचं मला वाईट वाटलं.

कुंदाताई ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी आल्या. सत्तरीच्या घरात, पांढरे केस, कडक इस्त्रीची सुती साडी. मला ओळखलं. ‘अहो शितोळे, इथे होय तुम्ही,’ एवढंच म्हणाल्या आणि खुर्ची जरा पंख्याखालून सरकवून बसल्या. मी काचेमागे माझ्या जागेवर जाऊन बसलो, जणू फार काम होतं.

त्यांना आधी मूळ गाणं ऐकवायचं आणि मग कव्हर, असं ठरलं होतं. मूळ गाणं संपल्यावर अद्वैतनं कॅमेऱ्याकडे बघत अर्धं इंग्रजी अर्धं मराठी असं लांबलचक कौतुक केलं आणि विचारलं की दुसऱ्या अंतऱ्यातली ती लिफ्ट, म्हणजे तो चढ, त्यांनी आधी ठरवली होती का, की ती त्या क्षणी सुचली.

‘ठरवली नव्हती, सुचलीही नाही,’ कुंदाताई म्हणाल्या. ‘मी बेसूर झाले होते. त्याच्यानंतर फार दिवस गायले नाही. पुढचं विचारा.’

अद्वैत हळूच ईराकडे वळला आणि म्हणाला की हे फारच रॉ आहे, हे ठेवायचं.

तेवढ्यात मागे ड्रमपाशी बसलेला कबीर म्हणाला, ‘पण मग तबला कसा चढला?’

अद्वैतनं त्याला गप्प बसायला सांगितलं. कबीर गप्प बसला नाही. तो लहानपणी आठ वर्षं तबला शिकला होता, हे मला तेव्हा कळलं. त्याचं म्हणणं साधं होतं. गाणारा चढू शकतो. तबला एकदा लावला की अंतऱ्याच्या मधोमध आपोआप चढत नाही आणि अंतरा संपल्यावर बरोबर जागेवर परत येत नाही. आणि फितीवर तबला ताईंबरोबर चढतो आणि त्यांच्याबरोबर उतरतो. एवढ्या वर्षांत हे गाणं हजारोंनी ऐकलं, प्राध्यापकांनी भाषण केलं, रसिकांनी भुवया उडवल्या, त्या पेटीवाल्यानं हात जोडले. तबल्याकडे कुणी कान दिला नाही. दिला तो हिंजवडीच्या एका ड्रमवाल्यानं, ज्याला मी मठ्ठ समजत होतो.

कुंदाताईंनी हेडफोन काढला आणि काचेकडे बघितलं.

मी अजूनही टाळू शकलो असतो. फीत जुनी झाली, ताणली गेली, असं काहीही सांगता आलं असतं, आणि ते पटलंही असतं. पण अद्वैत कॅमेरावाल्याला म्हणाला, ‘ताईंचा चेहरा घे, चेहरा घे,’ आणि माझं डोकं फिरलं. आतल्या खोलीत बोलायचं बटण दाबून मी ओरडलो, ‘कॅमेरा बंद करा तो. त्या बेसूर नव्हत्या. माझं मशीन मंद पडलं होतं. आता बाहेर चला सगळे.’

रागाच्या भरात मी माणसं तोडली, भाड्याची जागा घालवली, एक भाऊ दुरावला. त्या भरात खरं बोललो ते एकदाच, आणि तेही त्या पोरावर चिडलो म्हणून.

बाहेर कुणी गेलं नाही. मी बाबूशेठ, पट्टा, दिवे, सगळं सांगितलं. कुंदाताईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, ‘तुम्हाला हे कधी कळलं?’

‘त्याच दिवशी. दिवे मिणमिणले तेव्हाच.’

त्यांनी मान हलवली, जशी शाळेत उत्तर बरोबर आल्यावर हलवत असतील. मग म्हणाल्या, ‘सरळ करून ऐकवता येईल?’

येत होतं. गेली वीस वर्षं येत होतं. संगणकावर तो अंतरा निवडायचा आणि वेग जागेवर आणायचा, दहा मिनिटांचं काम. मी परक्यांच्या दोनशे अळ्या ढकलत होतो आणि ही एक कधी ढकलली नव्हती. तबल्याचा सूर आधीच्या अंतऱ्याशी जुळवला, त्याबरोबर त्यांचा आवाजही खाली येऊन बसला. त्यांनी ते तीनदा ऐकलं. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. तिसऱ्यांदा झाल्यावर म्हणाल्या, ‘पहिल्या अंतऱ्यात मात्र मी खरंच थोडी उतरलेय. ते माझं.’

मी म्हणालो, कुणाच्या लक्षात येणार नाही. त्या म्हणाल्या, ‘माझ्या आलं.’

‘चिघळ’ची पंचाईत वेगळीच झाली. त्यांचं सगळं कव्हर त्या चढावर उभं होतं. बाहेर पार्किंगमध्ये उभं राहून त्यांनी तासभर वाद घातला. कबीरचं म्हणणं, सरळ करू या. अद्वैतचं म्हणणं, सरळ केलं तर लोक म्हणतील मूळ गाण्यासारखं नाही. शेवटी चढ ठेवला, दुप्पट ड्रम ठेवले, धूर ठेवला. ताईंनी स्वतःचं चित्रण वापरू दिलं नाही. गाणं इंटरनेटवर आलं, बरं चाललं. खाली एकानं लिहिलंय की दुसऱ्या अंतऱ्यात मूळ कलाकाराचा आत्मा जपलाय. नावांच्या यादीत मी या वेळी भांडून भांडून जागा मिळवली. सर्वांत शेवटी लिहिलंय, ‘विशेष आभार: काका’.

पण त्या दिवशी मुलं पार्किंगमध्ये असताना आत तळघरात माझी आणि कुंदाताईंची जी बोलणी झाली ती सांगायची राहिली.

मला भाव करता येतो. समोरच्याला काय हवंय ते हेरायचं, त्याच्या निम्मं द्यायचं आणि जास्त दिल्यासारखं दाखवायचं. मी म्हणालो, ताई, आपण तुमचं गाणं नव्यानं करू, चांगले वादक बोलावतो, सगळं माझ्याकडून. त्या म्हणाल्या, आवाज राहिला नाही आता. मी म्हणालो, मग तुमचा सत्कार करू, बालगंधर्वात नाही तर निदान इथल्या सभागृहात, शाल देऊ. त्या म्हणाल्या, निवृत्तीच्या वेळच्या तीन शाली आहेत, डांबरगोळ्या घालून ठेवल्यात. मी म्हणालो, या मुलांच्या व्हिडिओखाली खुलासा टाकायला लावतो. त्या म्हणाल्या, ‘मला हसणारी माणसं व्हिडिओखालचं वाचत नाहीत. जी गेली ती गेली. जी उरलीत ती दुपारी आडवं पडून दिवाळी अंक वाचतात.’

मी म्हणालो, मला लिहिता येत नाही.

‘बोलता येतं. आत्ता ओरडलात तसं लिहा.’

मी एक शेवटचा प्रयत्न केला. म्हणालो, लिहितो, पण बाबूशेठनं गिरणी चालू केली एवढंच लिहू, तो बिचारा आता हयात नाही, त्याला काय फरक पडतोय. हे म्हणताना माझी मलाच लाज वाटली, पण भाव करायची सवय तोंडातून लवकर जात नाही.

कुंदाताई पर्स घेऊन उठल्या. म्हणाल्या, ‘मला थोर गायिका म्हणायचं नाही. गिरणीवाल्यावर ढकलायचं नाही. आणि मी तुम्हाला माफ केलं असं लिहायचं नाही, कारण मी केलेलं नाही. छापायच्या आधी मला वाचून दाखवा.’ यात कमीजास्त करायला जागाच नव्हती. माझ्याशी बोलणी करून पुरा भाव घेऊन गेलेलं असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

परवा त्यांच्या घरी जाऊन हा मजकूर वाचून दाखवला. पापड्यांच्या जागी त्या हसल्या. पेटीवाल्याच्या जागी खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्याचं नाव मी लिहिलं होतं, ते त्यांनीच काढायला लावलं, त्याची नातवंडं इथेच राहतात म्हणाल्या. शेवटी मी एक मोठा परिच्छेद लिहिला होता. त्यात त्या काळची वीज, माझी गरिबी, वय, तंत्रज्ञानाच्या मर्यादा, असं सगळं होतं. तो त्यांनी ऐकून घेतला आणि लाल पेनानं सबंध खोडला. मग खाली किती जागा उरली ते बघून म्हणाल्या, आता उत्तर लिहा.

‘उंबऱ्याशी थांबलं ऊन’ या गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यात कुंदाताई बेसूर झालेल्या नाहीत. त्यांचा सूर होता तिथेच होता. हे मला त्याच दुपारी माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही.